थिनर घेताना वास नको, लेबल बघा



१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी म्हणजे आपला दुरुस्तीचा हंगाम. बोट वर ओढली की फायबरचं काम, रंगकाम, इंजिनाची सफाई सगळं एकदमच निघतं. या तिन्ही कामांना एक वस्तू लागतेच लागते, ती म्हणजे थिनर. कुणी टर्पेंटाइन आणतं, कुणी ॲसिटोन, कुणी दुकानातून "ते पातळ करायचं द्या" म्हणून कॅन भरून आणतं. शास्त्रात या सगळ्यांना द्रावक म्हणतात, कारखान्यात सॉल्व्हंट. नाव एकच असलं तरी प्रत्येक डब्यातला माल वेगळा, त्याचा धोकाही वेगळा.

आज या द्रावकांबद्दल सविस्तर लिहितोय. सुरुवात मात्र समुद्रापासून खूप लांब असलेल्या ग्वाल्हेरपासून करतोय. तिथून आपल्या खणापर्यंतचा रस्ता वाटतो तेवढा लांब नाही.

ग्वाल्हेर, मालवणी, मरक्कानम

ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांचं गाव, आजही तिथे मराठी घरं आहेत. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या मुरैना जिल्ह्यातल्या काही खेड्यांत विषारी दारू प्यायल्याने २० हून जास्त माणसं गेली. अत्यवस्थ झालेल्या अनेकांना उपचारासाठी ग्वाल्हेरला हलवावं लागलं.

आपल्याकडे जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत असंच झालं. १०० हून अधिक बळी गेले. आणि मे २०२३ मध्ये तमिळनाडूत मरक्कानमजवळच्या एक्कियारकुप्पम या मच्छीमार वस्तीत हेच घडलं. तिथले लोक आपल्यासारखेच, दिवसभर दर्यावर राबणारे.

मालवणी आणि मरक्कानम, दोन्हीकडे दारूत मेथेनॉल निघालं. मेथेनॉल हे कारखान्यातलं द्रावक आहे. रंग, रसायनं, वार्निश यांच्या धंद्यात ते टँकरने फिरतं. आणि मंडळी, अनेक स्वस्त थिनरांमध्येही ते मिसळलेलं असतं. दिसायला पाणी आणि वास दारूसारखा, म्हणून घात होतो.

पोटात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड करतं. हे ॲसिड डोळ्याच्या नसेवर जातं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उशीर. पहिले काही तास माणूस फक्त प्यायलेला वाटतो. खरा त्रास बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो: उलट्या, पोटात कळा, जोरजोरात श्वास, डोळ्यांपुढे पांढरं धुकं. १० मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमच्यांनीही दृष्टी जाऊ शकते. ३० मिलिलिटरच्या आसपास जीव जाऊ शकतो. यावर उपचार आहेत, उतारा आहे, डायलिसिस आहे. पण माणूस वेळेत पोचला तरच.

म्हणून पहिला नियम इथेच सांगून ठेवतो. थिनर, स्पिरिट, ॲसिटोन कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरायचं नाही. बोटीवर रात्री अंधारात तहान लागलेला खलाशी, घरात खेळणारं पोर, कुणीही ती बाटली तोंडाला लावू शकतं.

विष आत जातं कुठल्या वाटेने?

ग्वाल्हेरची आणखी एक ओळख आपल्यातल्या फार थोड्यांना असेल. १९४७ मध्ये जिवाजीराव शिंदे महाराजांच्या काळात तिथे जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. तिच्यातूनच पुढे संरक्षण खात्याची डीआरडीई ही प्रयोगशाळा उभी राहिली. १९७३ पासून ती याच नावाने ओळखली जाते. विषारी रसायनं ओळखायची, ती शरीरात काय करतात ते तपासायचं आणि त्यांपासून माणसाला वाचवायचं, हे तिचं काम.

या विषशास्त्रातली एक साधी गोष्ट आपण उचलायची. रसायन शरीरात शिरायच्या वाटा तीन: तोंड, नाक आणि कातडी. आपण तोंडाची काळजी घेतो, उरलेल्या दोन विसरतो. मेथेनॉल कातडीतूनही आत जातं. टोल्युइनची वाफ नाकातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला फार वेळ लागत नाही. "आम्ही कुठे पितोय थिनर?" असं म्हणून भागत नाही ते यासाठीच.

डबा निवडताना चार प्रश्न

पहिला: विरघळवायचं काय आहे?

मीठ पाण्यात विरघळतं, थिनरमध्ये नाही. ग्रीस रॉकेलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. सारख्याला सारखं लागतं. घरी बघायचं असेल तर मासळीच्या थर्माकोल बॉक्सचा एक तुकडा उघड्यावर, विस्तवापासून लांब, थेंबभर ॲसिटोनवर ठेवा. बघता बघता बसतो. खणाच्या भिंतीत थर्माकोल भरलेला असेल आणि फटीतून ॲसिटोन किंवा पेट्रोल आत गेलं, तर तुमचं इन्सुलेशन असंच आतून बसेल. बाहेरून काही कळणार नाही, बर्फ मात्र लवकर वितळायला लागेल.

म्हणजे "जास्त कडक थिनर तेवढं चांगलं" हा समज खोटा. साध्या इनॅमल रंगाच्या जुन्या थरावर कडक एनसी थिनर घालून रंग मारला, तर जुना थर सुरकुततो आणि उचलला जातो. पैसे दोनदा जातात.

दुसरा: पेट किती लवकर घेतं?

डब्यावर किंवा माहितीपत्रकावर फ्लॅश पॉइंट लिहिलेला असतो. म्हणजे किती तापमानाला त्या द्रवाच्या वर इतकी वाफ जमते की ठिणगी पडताच भडका उडेल. आकडा जितका खाली तितका धोका जास्त. हे आकडे लक्षात ठेवा:

- पेट्रोल: उणे ४० अंशांच्या आसपास
- ॲसिटोन: उणे २० च्या आसपास
- टोल्युइन: ४ अंश
- मेथेनॉल: ११ अंश
- झायलीन: २५ ते ३० अंश
- स्टायरीन (फायबरच्या रेझिनमधलं): ३१ अंशांच्या आसपास
- मिनरल टर्पेंटाइन: साधारण ३० ते ४० अंश
- रॉकेल, डिझेल: ३५ अंशांच्या वर

वरची चार नावं आपल्या किनाऱ्यावर बारा महिने, चोवीस तास पेट घ्यायला तयार असतात. थंडीतल्या पहाटेसुद्धा. खालची चार जरा शांत, पण तेही हवेवर अवलंबून. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे त्या दुपारी टर्पेंटाइन आणि रॉकेलसुद्धा भडका घ्यायच्या हद्दीत येतात. "आपल्याकडे कुठे एवढं ऊन" असं म्हणू नका. उन्हात तापलेला पत्रा आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन हवेपेक्षा कितीतरी गरम असतं. त्या इंजिनावर डिझेलची चिंधी फिरवली की तुम्ही ग्वाल्हेरच्या मे महिन्यातच उभे असता.

मेथेनॉलचं आणखी एक: त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. चटका बसल्यावरच कळतं.

तिसरा: वाफ जाते कुठे?

या सगळ्या वाफा हवेपेक्षा जड. ॲसिटोनची दुप्पट, टोल्युइनची तिपटीहून जास्त. त्या वर उडून जात नाहीत, पाण्यासारख्या खाली वाहतात आणि खणाच्या, इंजिनखोलीच्या तळाशी साचतात. वरून डोकावणाऱ्याला वास कमी येतो आणि तळाशी वाकून काम करणारा गुंगतो.

जरा हिशोब करून बघू. १ लिटर ॲसिटोन पूर्ण उडालं की त्याची साधारण ३३० लिटर वाफ होते. हवेत अडीच टक्के वाफ झाली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणजे ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच खण भरायला एक लिटर जवळजवळ पुरतं. वाफ तळाशीच साचत असल्याने खालच्या अर्ध्या भागात त्याहून कमी ॲसिटोननेही ती पातळी येते. ब्रश धुवायला घेतलेला एक डबा लवंडला, एवढंच पुरे. मग बॅटरीची ठिणगी, बल्बचं सैल होल्डर, विडी, साधा टेबल फॅन, काहीही कारण होऊ शकतं.

चौथा: शरीरात काय करतं?

इथे एक परदेशातली घटना सांगण्यासारखी आहे. २००९ मध्ये चीनच्या सुझोऊ शहरात मोबाइलच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात काचा पुसायला अल्कोहोल वापरत. ते सुकायला वेळ लागतो म्हणून त्याजागी एन-हेक्झेन आणलं. काम भराभर व्हायला लागलं. आणि मग कामगारांच्या हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना पाय ओढणं सुरू झालं. १३७ कामगारांना विषबाधा झाली. हेक्झेनने त्यांच्या नसा धरल्या होत्या. हेच हेक्झेन मध्य प्रदेशात सोयाबीनमधून तेल काढायला वापरतात, पण ते बंद यंत्रणेत. द्रावक तेच, फरक पडला तो वाफ माणसाच्या नाकाशी आल्याने.

यावरून धडा घ्यायचा तो असा: लवकर सुकतं म्हणजे लवकर हवेत जातं, आणि हवेत जातं म्हणजे आपल्या छातीत जातं. दुकानदार "लगेच सुकेल" म्हणाला की खूश होण्याआधी डब्यात काय आहे ते विचारा.

बाकीच्यांचं थोडक्यात:

- टोल्युइन, झायलीन: डोकं दुखतं, चक्कर येते, तोल जातो. शिडीवर किंवा परातीवर उभं राहून रंग मारणारा याच्यामुळे खाली पडतो. गरोदर बाईने या कामापासून लांबच राहायचं.
- बेंझीन: रक्ताचा कॅन्सर करणारं. पेट्रोलमध्ये थोडंसं असतंच. म्हणून पेट्रोलने हात धुणं बंद.
- डायक्लोरोमिथेन: रंग उचटायच्या जेलमध्ये सापडतं. लवकर पेटत नाही म्हणून लोकांना सुरक्षित वाटतं. पण ४० अंशांना उकळतं, माणूस गुंगतो, आणि शरीर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड बनवतं. अमेरिकेने घरगुती वापराच्या रंग उचटण्याच्या मालातून ते काढून टाकलंय. फायबरचा वरचा थरही ते मऊ करतं, म्हणजे बोटीचंही नुकसान.
- क्लोरीनवाली डीग्रीझर: गरम इंजिनावर किंवा वेल्डिंगजवळ मारली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. थंड लोखंडावरच वापरा, आणि वेल्डिंगच्या दिवशी नकोच.

कोणत्या कामाला काय घ्यायचं?

रंगकाम. रंगाच्या डब्यावर कंपनीने थिनरचं नाव किंवा नंबर दिलेला असतो. तेच घ्या. साध्या इनॅमलला मिनरल टर्पेंटाइन पुरतं आणि वरच्या यादीत ते शांत गटात आहे. इपॉक्सीला इपॉक्सीचंच थिनर लागतं. तळाच्या अँटीफाउलिंग रंगाला कंपनीने सांगितलेलं. सगळ्याला एकच एनसी थिनर हा हिशोब शेवटी महागात जातो. कारण सुट्ट्या मालात टोल्युइन किती, मेथेनॉल किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

फायबरचं काम. ब्रश आणि रोलर धुवायला ॲसिटोन लागतं, ते मान्य. पण एका वेळी छोट्या झाकणाच्या डब्यात लागेल तेवढंच काढा. हात धुवायला साबण. रेझिन पातळ करायला ॲसिटोन घालू नका. थर कच्चा राहतो आणि पुढच्या हंगामात तिथूनच पाणी शिरतं.

हार्डनरबद्दल खास सांगायचंय. ते द्रावक नाही, पेरॉक्साइड आहे. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर घाला. हार्डनरमध्ये ॲसिटोनही घालू नका. दोघांचे डबे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाऊ शकते, म्हणून या कामाला चष्मा हवाच.

इंजिनाची सफाई. आधी पाण्यात मिसळणारं डीग्रीझर किंवा साबण आणि ब्रश. त्याने बरंचसं ग्रीस निघतं. नाहीच निघालं तर थंड इंजिनावर थोडं रॉकेल किंवा डिझेल. पेट्रोल कधीही नाही. बॅटरीची वायर आधी काढा.

मासळीचा खण. खणाला आतून रंग किंवा रेझिन मारलं असेल तर पूर्ण सुकू द्या आणि झाकण उघडं ठेवून चांगली हवा खेळू द्या. वास असताना मासळी भरली तर वास मासळीला लागतो. डिझेल-रॉकेलचा वास लागलेला माल खरेदीदार परत करतो, आणि ते बरोबरच आहे.

हातमोजे आणि मास्क

फडकं बांधलं किंवा धुळीचा मास्क लावला तर वाफ अडत नाही. त्यातून हवा जाते तशी वाफही जाते. कोळशाचं फिल्टर असलेला, सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क लागतो. तोही हवा कमी असलेल्या बंद खणात कामाचा नाही. हातमोज्यांचंही तसंच. रॉकेल-टर्पेंटाइनला नायट्राइलचे चालतात, पण ॲसिटोन त्यांतून काही मिनिटांत आत येतं. ॲसिटोनला ब्युटाइल रबरचे लागतात. टोल्युइन, झायलीनमध्ये साधे रबरी मोजे फुगून सैल पडतात.

आणि बंद खणात उतरायचं असेल तर एवढं पाळा: सगळी झाकणं उघडी, ब्लोअर बाहेर ठेवून पाइपने ताजी हवा थेट तळाशी सोडायची, आत बॅटरी, विडी, मोबाइल नाही, आणि एक माणूस वर कायम उभा. आतला पडला तर वरच्याने उडी मारायची नाही. सडलेल्या मासळीच्या खणात एकामागून एक माणसं जातात ती अशीच. आधी हाक द्या, हवा सोडा, दोरीने ओढा.

अपघात झालाच तर

- पोटात गेलं: उलटी करवू नका. पेट्रोल, रॉकेल, थिनर उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथे जास्त नुकसान करतं. पाइप तोंडात धरून डिझेल ओढायची सवय याच कारणाने सोडा, हातपंप स्वस्तात मिळतो.
- मेथेनॉलचा नुसता संशय असला तरी: "झोपला की उतरेल" म्हणू नका. तासभरही वाट न बघता रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना "थिनर, मेथेनॉल असू शकतं" असं स्पष्ट सांगा. सोबत प्यायलेल्या सगळ्यांना न्या, बरे दिसत असले तरी.
- डोळ्यात गेलं: पापणी उघडी धरून १५ ते २० मिनिटं गोड्या पाण्याची धार. मग दवाखाना.
- कातडीवर सांडलं: भिजलेले कपडे आधी काढा, मग साबण-पाणी.
- वाफेने चक्कर आली: मोकळ्या हवेत आणा, कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा.

कुठल्याही वेळी डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांकडे न्या. आत काय होतं हे कळलं की अर्धं काम होतं. सुट्टा माल घेतला तर दाखवायला लेबलच नसतं.

या आठवड्यात करायचं काम

बोटीवरचे, शेडमधले आणि घरामागचे सगळे डबे एकदा बाहेर काढा. ज्यावर नाव नाही, त्यावर जाड पेनने नाव लिहा. कशात काय आहे हे कुणालाच माहीत नसेल तो डबा वापरू नका. गटारात किंवा खाडीतही ओतू नका, पुढे आपणच तिथे जाळं टाकणार आहोत. पाण्याच्या बाटलीत भरलेलं थिनर आजच मूळ डब्यात परत जाऊ द्या. मासळीचं किंवा जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. डबे चुलीपासून, देवघराच्या दिव्यापासून आणि पोरांच्या हातापासून लांब, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा.

नवं थिनर घेताना दुकानात तीन गोष्टी मागा: बंद डबा, वाचता येईल असं लेबल आणि पक्कं बिल. कवटीचं किंवा ज्वाळेचं चिन्ह दिसलं तर ते काय सांगतंय ते विचारा. माहितीपत्रक मागितलं तर चांगला दुकानदार मोबाइलवर पाठवतो.

ज्यांना वाचता येत नाही अशा खलाशांना हे वाचून दाखवा, घरच्या बायामाणसांनाही सांगा. बाटली चुकून हातात येते ती बहुतेक घरातच.

बंदी सरेल, नारळी पौर्णिमेला नारळ वाहू आणि बोटी पुन्हा दर्यात जातील. त्या दिवशी बोटीवर सगळी माणसं शाबूत असू देत.